टेकडी वादळास अडविते काय?

वैशाखांत भर दुपारीं शाळेच्या पटांगणावर उठलेली धुळीची वावटळ आपणांपैकीं प्रत्येकानें पाहिली असेल. वाळलेलीं पानें, कागदाचे कपटे आणि धूळ गरगर फिरवीत ती दहापांच पावलें धांवते आणि कुंपणाच्या भिंतीशीं येतांच बहुधा विरून जाते. ह्या नेहमींच्या अनुभवामुळें आपली अशी समजूत होऊन बसते कीं, फिरत्या वाऱ्याच्या वाटेंत कांहीं आडवें आलें म्हणजे तो मोडतो. मग भिंतीनें जर वावटळ मोडते, तर डोंगरानें मोठा झंझावात कां मोडूं नये? वादळांचा धडा चालूं झाला म्हणजे वर्गांत हा प्रश्न हटकून निघतो. विचारणारास आपला प्रश्न भोळा आहे असें वाटण्याचें मुळींच कारण नाहीं. कारण अमेरिकेंतील एका मोठ्या शहरांत पुष्कळ लोकांची हीच श्रद्धा होती, आणि ती किती पोकळ होती हें एका सायंकाळीं त्यांस डोळ्यांनीं पाहावें लागलें.

तें शहर म्हणजे कॅन्सस राज्याची राजधानी टोपेका. मुलूख बव्हंशीं मोकळा व गवताळ. परंतु शहराच्या नैर्ऋत्येस बर्नेट्स माउंड नांवाची एक टेकडी आहे. पोटावाटोमी जमातीचा नायक अब्राम बर्नेट ह्याच्या नांवावरून तिला हें नांव पडलें. त्या प्रांतांत टोर्नेडो नांवाचे भयंकर झंझावात बहुधा नैर्ऋत्येकडून येऊन ईशान्येकडे जातात, आणि ही टेकडी नेमकी त्याच बाजूस पहारेकऱ्यासारखी उभी. तेव्हां ती आहे तोंवर शहरास भय नाहीं, अशी दंतकथा तेथें सांगितली जात असे. ती मूळची तेथील आदिवासींची आहे असेंही लोक म्हणत. १९६६ सालच्या जून महिन्याच्या ८ तारखेस सायंकाळीं सातच्या सुमारास एक टोर्नेडो नैर्ऋत्येकडून आला, थेट ह्याच टेकडीवरून गेला आणि पलीकडच्या उतारानें शहरांत शिरला. सुमारें अर्ध्या मैलापर्यंत रुंदीचा पट्टा तिरपा कापीत तो शहराच्या एका अंगानें दुसऱ्या अंगास निघून गेला. शेंकडों घरें भुईसपाट झालीं, वॉशबर्न विद्यापीठाच्या इमारतींची वाताहत झाली, राज्याच्या विधिमंडळाच्या घुमटासही इजा पोहोंचली.

इतक्या विध्वंसाच्या मानानें मनुष्यहानि मात्र थोडी झाली. मृतांची संख्या वीसाच्या आंतच राहिली. ह्याचें श्रेय टेकडीस नसून इशाऱ्यास आहे. धोक्याचे भोंगे वेळेवर वाजले, आणि बिल कर्टिस नांवाचा कायद्याचा एक तरुण विद्यार्थी त्या सायंकाळीं स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रावर काम करीत होता, त्यानें लोकांस ताबडतोब आसरा घेण्याविषयीं इतक्या कळवळ्यानें सांगितलें कीं, ज्यांचा टेकडीवर भरंवसा होता तेही तळघरांत उतरले असावेत. पुढें तो अमेरिकेंतील एक नामांकित वृत्तनिवेदक झाला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपली वावटळ आणि टोर्नेडो हीं दोन्हीं गरगर फिरतात, एवढ्यावरून त्यांस एकाच कुळांतलीं समजणें चुकीचें होईल. वावटळीचा जन्म जमिनीवर होतो. आकाश निरभ्र असतें, तापलेल्या मातीवरची हवा वर चढूं लागते आणि भोंवतालची हवा तेथें धांव घेते. तिचें मूळ जमिनींत असल्यामुळें भिंत, झाड, ओली जमीन असें कांहीं आडवें आलें कीं तिचा जीव जातो. टोर्नेडोचें याच्या उलट आहे. त्याचें मूळ वर, मेघांत असतें. जमिनीस टेकतें तें केवळ त्याचें टोंक. तें टोंक कधीं दहावीस यार्ड रुंद असतें, कधीं मैलभराहूनही अधिक. आणि त्यांतील वाऱ्याचा वेग अत्यंत प्रबळ अशा प्रसंगीं ताशीं ३०० मैलांच्या आसपास मोजला गेला आहे.

हा मेघ फिरूं कां लागतो, हें समजण्यास स्वयंपाकघरांत जावें. पोळपाटावर लाटणें ठेवून त्यावर हात पुढें सरकविला म्हणजे लाटणें फिरतें. कारण त्याचा वरचा भाग हातासरशीं पुढें जातो आणि खालचा पोळपाटास धरून राहतो. अमेरिकेच्या मध्यभागीं वसंत ऋतूंत नेमकें असेंच घडतें. जमिनीलगत मेक्सिकोच्या आखातावरून येणारा उष्ण व दमट वारा मंद असतो. त्याच्या वरून पश्चिमेकडील उंच मुलखांतून येणारा कोरडा वारा निराळ्या दिशेनें व पुष्कळ अधिक वेगानें वाहतो. त्या दोहोंच्या मध्यें हवेचीं अदृश्य लाटणीं आडवीं फिरूं लागतात. पुढें गडगडाटी मेघ तयार होऊन त्यांतील वर चढणारा प्रवाह असें एखादें लाटणें उचलून उभें करतो, आणि मग सबंध मेघच सावकाश फिरूं लागतो. अशा मेघास शास्त्रज्ञ सुपरसेल म्हणतात. सर्वच सुपरसेल टोर्नेडो सोडतात असें नाहीं. बहुतेक सोडीत नाहींत. परंतु मोठे टोर्नेडो येतात ते बहुतकरून त्यांच्याच पोटांतून.

अशा मेघाचा माथा ४० ते ५० हजार फूट उंच असतो. त्याच्यापुढें दोनचारशें फुटांची टेकडी ती काय! चालत्या हत्तीच्या पायाखालीं ढेंकूळ आलें म्हणून हत्ती कांहीं वळत नाहीं. टेकडीशीं गांठ पडते ती फक्त टोर्नेडोच्या टोंकाची. त्यास फिरविणारें चाक आकाशांत कित्येक मैल वरपर्यंत पसरलेलें असतें. म्हणूनच १९२५ सालीं मार्च महिन्याच्या १८ तारखेस मिसुरी राज्याच्या ओझार्क डोंगराळ भागांत उठलेला टोर्नेडो तेथील चढउतारांनीं थबकला नाहीं, कीं पुढें मिसिसिपीसारख्या महानदीनेंही अडला नाहीं. इलिनॉय ओलांडून इंडियाना राज्यापर्यंत २१९ मैल तो साडेतीन तास चालत राहिला आणि त्यानें ६९५ माणसांचा बळी घेतला. नदी ओलांडून टोर्नेडो येत नाहीं, ही दुसरी एक लाडकी समजूतही त्या दिवशीं खोटी ठरली.

आमच्या कोंकणांतील वाचकांस येथें एक शंका येईल. समुद्रावरून येणारीं चक्रीवादळें सह्याद्रीपाशीं येतांच नरम पडतात, हें तर त्यांनीं अनुभवलेलें आहे. २०२० सालच्या जून महिन्याच्या ३ तारखेस ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढलें आणि घाट ओलांडून आंत गेल्यावर त्याच रात्रीं त्याचा जोर ओसरला. हा अनुभव खराच आहे; पण तो टोर्नेडोस लागूं पडत नाहीं. चक्रीवादळाचा विस्तार शेंकडों मैलांचा असतो आणि त्याचें अन्न म्हणजे समुद्राच्या कोमट पाण्याची वाफ. जमिनीवर चढतांच तें अन्न तुटतें आणि खडबडीत भूमीच्या घर्षणानें वारा खालून लंगडा पडतो. टोर्नेडोची शिदोरी त्याच्या डोक्यावर, मेघांतच असते. एकाच ‘वादळ’ ह्या शब्दानें आपण दोन्हींस हांक मारतों, म्हणून हा घोंटाळा होतो.

तर मग डोंगराचा कांहींच परिणाम होत नाहीं काय? असें म्हणणें म्हणजे दुसऱ्या टोंकास जाणें होय. परिणाम होतो, पण तो अडविण्याचा नव्हे, तर बदलविण्याचा. सह्याद्रि तरी पावसाळी वाऱ्यास कोठें अडवितो? तो वाऱ्यास वर चढवितो, आणि त्यामुळें महाबळेश्वरास वर्षांत २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, तर पायथ्याच्या वाईस त्याचा लहानसा अंश मिळतो. वारा तोच, त्याचें वर्तन मात्र पालटलें. टोर्नेडोचेंही तसेंच समजावें.

हा पालट कसा होतो हें पाहण्यास एक सोपा प्रयोग आहे. वेळूची वीतभर पोकळ नळी घेऊन तिच्यांतून दोरी ओंवावी. वरच्या टोंकास रबराचें बूच बांधावें आणि नळी हातांत धरून तें डोक्यावर गोल फिरवावें. आतां दुसऱ्या हातानें दोरीचें खालचें टोंक हळूच खालीं ओढावें. बुचाचा फेरा लहान होतो आणि तें कितीतरी जलद फिरूं लागतें. (प्रयोग मोकळ्या पटांगणावर करावा, दिवाणखान्यांत केल्यास कंदिलाच्या कांचेची जबाबदारी आम्हांवर नाहीं.) फिरणारी वस्तु मध्याकडे ओढली गेली म्हणजे तिचा वेग वाढतो, हा निसर्गाचा नियम आहे. दुसरी गोष्ट कणकेची. कणकेची लाटी दोन तळहातांमध्यें वळली म्हणजे ती जसजशी लांब होते तसतशी बारीक होते. दाबली म्हणजे आंखूड व जाड होते. हवेचा फिरता स्तंभही असाच आहे. मेघाचा तळ थोडाबहुत एकाच उंचीवर राहतो. खालची जमीन उतरती झाली म्हणजे मधला स्तंभ ताणला जातो, बारीक होतो आणि वेगानें फिरतो. जमीन चढती झाली म्हणजे तो दाबला जाऊन फुगतो आणि मंदावतो. ह्यावरून चढावर टोर्नेडो कांहींसा दुबळा व उतारावर प्रबळ व्हावा, असें अनुमान निघतें. म्हणजे टेकडीच्या आडोशास, पलीकडच्या पायथ्याशीं, जेथें मनुष्यास अत्यंत सुरक्षित वाटतें, नेमक्या तेथेंच धोका वाढण्याचा संभव!

हें केवळ कागदावरचें अनुमान नव्हे. १९९५ सालच्या मे महिन्याच्या २९ तारखेस अमेरिकेच्या ईशान्य भागांत, जेथें डोंगर व दऱ्या पुष्कळ आणि टोर्नेडो विरळ, मॅसॅच्युसेट्स राज्यांतील ग्रेट बॅरिंग्टन ह्या गांवावर एक प्रचंड टोर्नेडो आला. तीन माणसें मृत्यु पावलीं. ज्या मेघांतून तो उतरला त्याच्या प्रवासाचा शास्त्रज्ञांनीं मागाहून रडारच्या नोंदींवरून बारकाईनें अभ्यास केला. कॅट्‌स्किल डोंगरावरून हा मेघ हडसन नदीच्या खोऱ्यांत उतरला तेव्हां त्याचें फिरणें बळावलें. पुढची टेकॉनिक डोंगररांग चढतांना तें थोडें मंदावलें. आणि ती ओलांडून हूसाटॉनिक नदीच्या खोऱ्याकडे उतरूं लागतांच तें पुन्हां बळावून टोर्नेडो झाला. ह्यांत उताराइतकाच वाटा हडसनच्या खोऱ्याचाही होता. तें खोरें दक्षिणोत्तर पसरलेलें आहे. त्या दिवशीं दक्षिणेचा वारा दोन्हीं बाजूंच्या डोंगरांमध्यें कोंडला जाऊन, पन्हळींतून पाणी यावें तसा, खोऱ्यांतून वर येत होता. जमिनीलगतचा वारा असा वळला आणि वरचा वारा पश्चिमेचा, तेव्हां आपण वर सांगितलेलीं हवेचीं लाटणीं त्या खोऱ्यांत अधिकच जोरानें फिरूं लागलीं. डोंगरांनीं वादळ अडविलें तर नाहींच, उलट त्यास इंधन पुरविलें.

अलाबामा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यांत सँड माउंटन नांवाचें एक लांबट पठार आहे. तेथें टोर्नेडो इतके वारंवार कां होतात, ह्याचा शोध हंट्सव्हिल येथील विद्यापीठांतील केव्हिन नप आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं घेतला आहे. खोऱ्यांतून येणारा मेघ पठारावर चढला म्हणजे मेघाचा तळ जमिनीच्या अधिक जवळ येतो आणि पठारावरचा मोकळा वाराही अधिक जोराचा असतो. ह्या गोष्टी टोर्नेडोच्या जन्मास अनुकूल पडतात असें त्यांस दिसून आलें. म्हणजे येथें चढ हाच घातक! वाचक म्हणतील, आतांच तुम्हीं चढावर टोर्नेडो मंदावतो म्हणालां, आणि आतां हें काय? आक्षेप रास्त आहे. कणकेच्या लाटीचा नियम खोटा नाहीं, पण तो एकटा नाहीं. जमिनीचें घर्षण, दरींतून येणारा वारा, हवेंतील ओलावा, मेघ स्वतः त्या घटकेस वाढत्या वयाचा आहे कीं उतरत्या, हीं सर्व एकाच वेळीं आपापल्या बाजूस ओढीत असतात. संगणकावर कृत्रिम टोर्नेडो निर्माण करून त्यास कृत्रिम टेकड्यांवरून नेण्याचे प्रयोगही झाले आहेत. त्यांतही असेंच आढळतें कीं, टेकडीमुळें टोर्नेडोची वाट थोडी वांकडी होते, एखाद्या जागीं तो चेंवतो, एखाद्या जागीं लुळा पडतो. परंतु अमुक आकाराच्या टेकडीमागें लपावें असा भरंवशाचा नियम हातीं लागत नाहीं.

खऱ्या पर्वतावर काय घडतें, ह्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला वायोमिंग राज्यांतील आहे, आणि तो ज्यांनीं वाचला त्यांची हकीकतही सांगण्याजोगी आहे. तेत्सुया फुजिता हे १९२० सालीं जपानांत जन्मले. १९४५ सालीं ते कोकुरा शहराजवळील एका महाविद्यालयांत शिकवीत असत. ऑगस्टच्या ९ तारखेचा अणुबाँब मूळ कोकुरावरच टाकावयाचा होता. त्या दिवशीं शहर अभ्रांनीं व धुरानें झांकलेलें असल्यामुळें विमान नागासाकीकडे वळलें. कांहीं आठवड्यांनीं फुजिता नागासाकीस पाहणीसाठीं गेले, आणि स्फोटाच्या खालच्या बाजूस झाडें कोणत्या रीतीनें जळालीं व पडलीं आहेत ह्यावरून काय कळतें हें त्यांनीं टिपून ठेविलें. १९४७ सालीं सेफुरी पर्वतावरील वेधशाळेंत बसून त्यांनीं एका गडगडाटी वादळाचा अभ्यास केला आणि वादळांतून हवेचा प्रवाह खालींही कोसळतो असें दाखविलें. हा निबंध त्यांनीं अमेरिकेंत शिकागोच्या प्राध्यापकांकडे धाडला, आणि त्यायोगें १९५३ सालीं त्यांस तेथें बोलावणें आलें. टोर्नेडोचा जोर शून्यापासून पांचपर्यंत मोजण्याची जी पद्धति १९७१ सालीं निघाली ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

१९८७ सालच्या जुलै महिन्याच्या २१ तारखेस वायोमिंगच्या टीटन अरण्यांत एक टोर्नेडो झाला. तेथील भूमि साडेआठ ते दहा हजार फूट उंच आहे. आपलें कळसूबाईचें शिखर तिच्या पुष्कळ खालीं राहील. हा टोर्नेडो अमेरिकेचा मुख्य जलविभाजक कणा ओलांडून यलोस्टोन उद्यानाच्या हद्दींत गेला. त्यानें ३९ किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद असा वनाचा पट्टा आडवा केला. सुदैवानें तेथें कोणी मेलें नाहीं. साक्षीदार म्हणून उरलीं तीं फक्त पडलेलीं झाडें. फुजितांनीं विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून तीं वाचलीं. जेथें झाडें वर्तुळाकार पडलीं होतीं तेथें फिरता वारा. जेथें एका बिंदूपासून चोहोंकडे पसरून पडलीं होतीं तेथें वरून कोसळलेला वारा. असे कोसळलेल्या वाऱ्याचे ७२ ठसे त्या एका पट्ट्यांत त्यांनीं मोजले. त्यांनीं ह्या टोर्नेडोस आपल्या मापाची चौथी प्रत दिली. म्हणजे सर्वोच्च प्रतीच्या खालोखाल. ह्याहूनही उंचावर, कॅलिफोर्नियांतील रॉकवेल खिंडीजवळ सुमारें १२,००० फुटांवर, २००४ सालीं एका पदयात्रिकानें टोर्नेडोचें छायाचित्र घेतलें आहे. पर्वतावर टोर्नेडो विरळ खरे, कारण इतक्या उंचीवर उष्ण व दमट हवेचा पुरवठा तोकडा असतो. शिवाय तेथें पाहणारेंही कोणी नसतें. विरळ म्हणजे अशक्य नव्हे.

डोंगराचा आणखी एक दोष आहे, आणि आमच्या मतें तोच सर्वांत जीवघेणा होय. डोंगर वादळ लपवितो. कॅन्ससच्या माळावर टोर्नेडो कित्येक मैलांवरून दिसतो. अलाबामा किंवा टेनेसीच्या झाडीनें भरलेल्या टेकड्यांत तो पुढच्या वळणापलीकडे आला तरी कळत नाहीं. पुष्कळदां पावसाच्या पडद्यांत गुरफटलेला असतो, कधीं रात्रीं येतो. रडारचे किरणही सरळ जातात. मध्यें डोंगर आला म्हणजे त्यामागील खालचा भाग त्यांस दिसत नाहीं. २०११ सालच्या एप्रिल महिन्याच्या २७ तारखेस अमेरिकेच्या दक्षिण भागांत एकाच दिवशीं टोर्नेडोंनीं ३०० हून अधिक माणसें मारलीं. त्या दिवशीं सँड माउंटनवर रेन्सव्हिल गांवाजवळ जो टोर्नेडो झाला तो सर्वांत वरच्या, पांचव्या प्रतीचा होता.

म्हणून त्या डोंगराळ मुलखांतील शाळांतून मुलांस आतां जें शिकवितात तें आमच्या वाचकांनींही ऐकून ठेवावें. आपणांपैकीं कित्येकांचे आप्त हल्लीं त्या देशांत राहतात. इशारा मिळतांच तळघरांत उतरावें. तळघर नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावरील, बाहेरच्या भिंतींपासून दूर अशा, खिडकी नसलेल्या लहान खोलींत जाऊन डोकें झांकून बसावें. चाकांवरच्या हलक्या घरांत थांबूं नये. मोटारींत असल्यास रस्त्यावरच्या पुलाखालीं आसरा घेऊं नये. १९९९ सालीं ओक्लाहोमांत तसा आसरा घेतलेल्यांपैकीं कांहीं दगावले, कारण पुलाखालच्या अरुंद जागेंत वारा, खोऱ्यांत व्हावा तसा, अधिकच जोराचा होतो. आणि वादळ दिसतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं टेकडीच्या माथ्यावर चढूं नये. टोपेकास त्या सायंकाळीं बर्नेट्स माउंडच्या परिसरांतील घरांवरच पहिला घाला पडला होता.